सागाचे ओझे, हाताची जाण

सागवानाचे देखणेपण आपल्या सगळ्यांना ठाऊक असते. त्याचे वजन मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. देवघरावर, दाराच्या चौकटीवर, आजोबांच्या आरामखुर्चीवर आपण कौतुकाने हात फिरवतो. ‘जुने साग आहे, आता असे मिळायचे नाही’ असे पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण हे लाकूड जंगलातून किंवा शेताच्या धुऱ्यावरून गाडीत चढले कसे, ते चढवताना किती जणांचे खांदे सोलले आणि किती जणांची बोटे गेली, हा प्रश्न आपल्या मनात कधी येत नाही. येण्याचे कारणही नसते. सुताराच्या रंध्याखाली आल्यावरच लाकडाला आपल्या घरातले स्थान मिळते. त्याआधीचे त्याचे आयुष्य आपल्या नजरेआड असते.

माझ्या नजरेआड ते राहिले नाही, कारण मी मारेगावचा. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा तालुका. करंजीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. पलीकडे वणी आणि तिच्या परिसरातल्या कोळशाच्या खाणी, वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. आज ज्याला आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो, त्याचे नावच १९०५ पर्यंत वणी जिल्हा असे होते. कापूस ही इथली ओळख. पण कापसाच्या शेतांच्या कडेला, टेकड्यांवर आणि कोलामांच्या पोडांभोवती सागही पिढ्यान् पिढ्या उभा आहे. पुढे नोकरीनिमित्त मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा विषय शिकवला आणि निवृत्तीनंतर गावी परतलो. तेव्हापासून गावातल्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये माझी ये-जा असते. तिथेच, लाकडाच्या ट्रॉलीवर बसवलेल्या एका क्रेनने मला हा लेख लिहायला लावले.

खांद्यावरचा हिशेब

प्रथम वजनाचा हिशेब मांडू. समजा, सागाचा एक लठ्ठा तीन मीटर लांब आहे आणि मधोमध त्याचा घेर १२० सेंटीमीटर आहे. असा लठ्ठा आपल्या भागात काही फार मोठा मानत नाहीत. लाकडाच्या व्यापारात घन काढण्याची जुनी रीत म्हणजे चौथाई घेराची. घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉपस नावाच्या गृहस्थाने १७३६ साली या रीतीची कोष्टके छापली आणि ती पार आपल्या डेपोंपर्यंत पोचली. या रीतीने आपला लठ्ठा ०.२७ घनमीटर भरतो. शाळेतल्या भूमितीने खरे घनफळ काढले, तर ते ०.३४ घनमीटरच्या थोडे वर जाते. म्हणजे शंभरातले साडेएकवीस भाग मापातच येत नाहीत. कापताना जे वाया जाते त्याची सूट म्हणून ही रीत पडली, आणि व्यापाराला ती सोयीची आहे. पण उचलणाऱ्याला कसली सूट? मापात न धरलेले लाकूडही त्याच्या खांद्यावर येतेच.

सुकलेला साग घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतो. त्या हिशेबाने हा लठ्ठा सव्वादोनशे किलोंचा झाला. ताजा तोडलेला असेल तर अंगात पाणी असते, आणि मग तीनशेचा आकडा सहज ओलांडला जातो. जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली, की प्रौढ पुरुष कामगाराने एका वेळी हाताने वाहून न्यायचे ओझे ५५ किलोंपेक्षा जास्त असू नये. तीनशे किलोंचा लठ्ठा सहा जणांनी उचलला तर प्रत्येकी पन्नास किलो येतात, म्हणजे कागदावर सगळे ठीक दिसते. पण लठ्ठा कागदावर नसतो. तो उताराच्या, दगडधोंड्यांच्या जमिनीवर असतो. एकाचा पाय घसरला की त्याचे पन्नास किलो क्षणात शेजाऱ्यावर जातात.

आमच्याकडचे हमाल म्हणूनच लठ्ठा सहसा सरळ उचलत नाहीत. ट्रॉलीला दोन बल्ल्या तिरप्या टेकवतात. दोन दोरखंडांची एकेक टोके ट्रॉलीला बांधतात, दोर लठ्ठ्याखालून घेऊन दुसरी टोके वर उभ्या असलेल्या माणसांच्या हाती देतात. वरच्यांनी ओढायचे, खालच्यांनी पहारीने रेटायचे. लठ्ठा दोराच्या वेढ्यात गडगडत वर चढतो. या युक्तीत दोर अर्ध्या ताकदीचे काम वाचवतो. कप्पीचाच हा प्रकार आहे. ज्याने ही रीत प्रथम काढली तो शाळेत गेला नसेल, पण त्याला यंत्रशास्त्र कळत होते यात शंका नाही.

मात्र या रीतीत एक जागा मरणाची असते. चढत्या लठ्ठ्याच्या खालची. दोर तुटला किंवा बल्ली सरकली, तर पहार हाती घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही. आमच्या गावाजवळच्या एका पोडावरचा माणूस असाच एका घोट्याने कायमचा अधू झाला. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. त्याची बायको एकदा माझ्या पत्नीला म्हणाली, “लाकूड लोकायच्या घरात गेलं वहिनी, दुखनं आमच्या घरात आलं.” इतक्या थोड्या शब्दांत या धंद्याची जमाखर्चाची वही मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेली नाही.

हत्तीपासून तेलापर्यंत

माणसाने हे ओझे दुसऱ्या कुणावर तरी टाकण्याचा प्रयत्न फार पूर्वीपासून केला आहे. बैल तर होतेच. गडचिरोलीच्या आलापल्ली-सिरोंचाच्या जंगलांत ते काम हत्तींनी केले. कमलापूरचा सरकारी हत्ती कॅम्प आज पर्यटकांना ठाऊक आहे. पण या हत्तींच्या पूर्वजांची नेमणूक पाहण्यासाठी नव्हती, लठ्ठे ओढण्यासाठी होती. हत्तीच्या कामाचे जाणकार सांगतात, की त्याच्या ताकदीपेक्षा त्याच्या सोंडेचे कसब मोठे. लठ्ठा कुठे धरावा, तो कुठे कलतो, केव्हा थांबावे, हे त्याला समजते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

त्याच भागातला साग किती मोलाचा, याची दोन उदाहरणे पुरेत. आलापल्लीजवळचा जुन्या सागांचा एक लहानसा तुकडा १९५३ साली जसाच्या तसा राखून ठेवण्यात आला आणि २०१४ साली त्याला राज्यातला पहिला जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. आणि २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून सागवान रवाना झाले, तेव्हा गावात त्याची मिरवणूक निघाली.

इकडे युरोपात ओझे उचलण्याचा वेगळा मार्ग निघाला होता. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात मांडले. लहान दट्ट्यावर थोडा जोर दिला तर मोठ्या दट्ट्यावर मोठा जोर मिळतो. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली यावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. विल्यम आर्मस्ट्राँग हा पेशाने वकील. त्याने १८४६ साली न्यूकॅसलच्या धक्क्यावर पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन उभी केली. लाकडाच्या धंद्यात हे तत्त्व खऱ्या अर्थाने आले ते स्वीडनमध्ये. तिथल्या हुडिक्सवाल गावात एरिक सुंदीन नावाचा, बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या बनवणारा कारखानदार होता. त्याने १९४४ साली ‘हियाब’ ही कंपनी काढली आणि ट्रकच्या इंजिनावरच चालणारी, तेलाच्या दाबाची क्रेन ट्रकवर बसवून दाखवली. जंगलांच्या देशात ती हां हां म्हणता पसरली.

आपल्या खेड्यात हे तंत्र वेगळ्या दाराने शिरले, ट्रॅक्टरच्या पाठीमागून. नांगर वर उचलणारा जो ‘लिफ्ट’ आज प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे, तो आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची देणगी. त्यामुळे आमच्या मारेगावात ‘हायड्रोलिक’ हा शब्द आता परका राहिलेला नाही. माती ओतणारी ट्रॉली हायड्रोलिक, खड्डा खणणारे यंत्र हायड्रोलिक. इतकेच काय, केशकर्तनालयातली वरखाली होणारी खुर्चीसुद्धा त्याच जातीची.

ताकद आली, हात आला नाही

माझ्या नात्यातल्या एका तरुणाने काही वर्षांपूर्वी लाकूड वाहण्याची एक जुनी ट्रॉली विकत घेतली. शेतकऱ्यांच्या मालकीचा साग आणि निलगिरी परवान्यानिशी डेपोपर्यंत पोचवायचा, हा त्याचा व्यवसाय. ट्रॉलीच्या पुढच्या भागावर क्रेन बसवलेली होती. क्रेन म्हणजे एक खांब, त्यावर दोन जोडांचा हात, आणि टोकाला लठ्ठा पकडणारा पंजा. त्याला सगळे ‘ग्रॅब’ म्हणतात. खांब फिरवायचा, आतला हात, बाहेरचा हात, पंजा फिरवायचा आणि पंजा उघडमीट करायचा, अशा पाच हालचाली. शिवाय जमिनीवर टेकायचे दोन पाय. म्हणून सात लिव्हर. ते सगळे ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या जागेत एका ओळीत. चालवणाऱ्याने तिथेच उभे राहायचे, डोक्यावरून लठ्ठा जात असताना.

क्रेन चालवणारा मुलगा त्याच पोडावरचा. त्याचा बाप लठ्ठे चढवण्याचेच काम करत असे. मला तो एके दिवशी म्हणाला, “गुरुजी, ताकद कमी नाही पडत जी. हातच बसत नाही. लिव्हर जरासा लावला का लठ्ठा असा झुलते, का मलेच भेव वाटते.”

त्याची तक्रार तंत्राच्या भाषेत मांडतो. क्रेनच्या आतल्या हाताचा सिलिंडर ८० मिलिमीटर व्यासाचा होता. तेलाचा दाब १६० बार धरला तर त्याचा जोर आठ टनांच्या आसपास जातो. ऐकायला हे अफाट वाटते. पण सिलिंडर बिजागरीपासून ४० सेंटीमीटरवर जोर लावतो आणि लठ्ठा चार मीटरवर लटकलेला असतो. दहापट अंतर, म्हणून जोर दहावा हिस्सा. आठ टनांचे आठशे किलो झाले. त्यातून क्रेनच्या हाताचे आणि पंजाचे वजन वजा करा, साधारण निम्मे उरते. आपल्या तीनशे किलोंच्या लठ्ठ्याला ते पुरते. मुलगा म्हणत होता ते खरे होते. ताकद कमी नव्हती.

आता वेग पाहा. त्या सिलिंडरची साठ सेंटीमीटरची पूर्ण हालचाल म्हणजे तीन लिटर तेल. पंप मिनिटाला तीस लिटर देत असेल, तर सहा सेकंदांत काम तमाम. दट्टा सेकंदाला दहा सेंटीमीटर सरकतो, पण जी दहापट जोर कमी करते तीच तरफ वेग दहापट वाढवते. टोकाचा लठ्ठा सेकंदाला एक मीटर या वेगाने सुटतो. जुन्या वॉल्व्हचा लिव्हर थोडासा ढकलला की दार जवळजवळ पूर्ण उघडे. मधली पायरीच नाही. तीनशे किलोंचा लठ्ठा एकदम सुटणार आणि एकदम थांबणार. तो झुलणार नाही तर काय करील?

दुसरा दोष अधिक लबाड होता. दोन लिव्हर एकाच वेळी ओढले तर तेल दोघांना सारखे मिळत नसे. तेलाचा स्वभाव पाण्यासारखाच, सोपी वाट धरायचा. ज्या हालचालीवर ओझे कमी, तिकडे ते धावणार. जड हालचाल जागीच अडणार. चालवणारा उचलणे आणि फिरवणे बरोबर करू पाही, आणि लठ्ठा उचलला न जाता नुसताच बाजूला फिरे. वाटेत कुणी उभे असेल तर त्याच्या अंगावर.

आणि तिसरा दोष माणसाने केलेला. यंत्रात जास्तीत जास्त दाब किती व्हावा हे ठरवणारा एक वॉल्व्ह असतो, प्रेशर कुकरच्या शिटीसारखा. पूर्वी कुणीतरी अधिक वजन उचलले जावे म्हणून त्याचा स्क्रू आवळून ठेवला होता. पाटीवर १६० बार लिहिलेले. आम्ही गेज लावला तर काटा २१० च्या पुढे. कुकरच्या शिटीवर वरवंटा ठेवून कुणी डाळ शिजवत नाही; इथे मात्र तोच प्रकार बिनदिक्कत चालला होता.

काय बदलले

हे बदलायचे ठरले तेव्हा शेडमध्ये दोन मते पडली. एक मत विजेवर चालणाऱ्या नव्या जॉयस्टिकचे. त्यात हाताच्या हालचालीचा विजेचा संदेश होतो आणि वॉल्व्ह त्या प्रमाणात उघडतो. तारा नेल्या की काम झाले. सुबक आणि आटोपशीर. दुसरे मत तेलावरच चालणाऱ्या जॉयस्टिकचे. त्यात दांडा थोड्या दाबाचे, साधारण वीस-तीस बारचे, तेल सोडतो आणि ते तेल मोठ्या वॉल्व्हला सरकवते. नळ्यांचा पसारा जास्त, पण वीज नाही.

शेवटी दुसरे मत ठरले, आणि त्याचे कारण शुद्ध स्थानिक होते. कोळसा खाणींच्या आसऱ्याने वणीच्या बाजूला मोठ्या खोदयंत्रांच्या दुरुस्तीची दुकाने वाढली आहेत. तिथल्या कारागिरांना ही तेलाची जॉयस्टिक तोंडपाठ आहे आणि सुटे भागही मिळतात. भर मोसमात बिघडलेले यंत्र ज्या गावात त्याच दिवशी दुरुस्त होते, ते त्या गावापुरते उत्तम यंत्र. उद्या विजेच्या प्रकाराची जाण असलेली मुले इथे तयार झाली तर हा निर्णय वेगळाही होईल.

मग एकेक काम झाले. रिलीफ वॉल्व्ह पाटीवरच्या आकड्यावर आणून त्याच्या स्क्रूला सील केले. जुना वॉल्व्ह काढून असा बसवला, ज्याच्या प्रत्येक खणात दाबाचा तोल राखणारा छोटा दट्टा आहे. आता दोन हालचाली बरोबर केल्या तरी तेल ठरल्या प्रमाणात वाटले जाते. दांडा थोडा कलवला तर थोडे तेल, जास्त कलवला तर जास्त. तिसरी गोष्ट लहान, पण माझ्या मते सर्वांत मोलाची. हात उचलणाऱ्या सिलिंडरच्या अंगालाच भार धरून ठेवणारा वॉल्व्ह लावला. रबरी नळी फुटली तरी तेल सिलिंडरमध्येच अडते आणि लठ्ठा जिथल्या तिथे राहतो. पूर्वी नळी फुटणे म्हणजे लठ्ठा कोसळणे होते.

चौथे, चालवणाऱ्याची जागा. तो आता दोहोंच्या फटीत उभा राहत नाही. खांबाजवळ उंचावर, लोखंडी जाळीच्या आड त्याला बसायला जागा केली. शेजारी एक आडवा दांडा. तो वर केल्याशिवाय खाली उतरताच येत नाही, आणि वर केला की जॉयस्टिकचे तेल बंद होते. मग धक्का लागून यंत्र हलण्याचा प्रश्नच उरत नाही. कुठल्या बाजूला दांडा नेला की काय होते, याची चित्रे आणि मराठी शब्द पत्र्यावर रंगवून समोर लावले. हालचालींची मांडणी खोदयंत्राशी जुळेल अशीच ठेवली, कारण हात एकदा शिकतो ते विसरत नाही. दुसऱ्या यंत्रावर गेल्यावर उलटी मांडणी असेल तर घाईच्या क्षणी हात जुनेच करतो.

शिकवण्याचा भाग माझ्याकडे आला. मी पंजात लठ्ठा दिलाच नाही. पाण्याने काठोकाठ भरलेली बादली साखळीने लटकवली आणि ट्रॉलीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायला सांगितले. पहिल्या दिवशी अर्धी बादली सांडली आणि बघ्यांची करमणूक झाली. आठवड्याने बादलीतले पाणी नुसते थरथरत होते. मुलगा खाली उतरून म्हणाला, “आता थे माह्या हातात आलं गुरुजी.” हत्तीच्या सोंडेबद्दल मघाशी जे म्हटले, ते इथे लागू पडते. ओझे उचलते ती ताकद. पण माणूस वाचवते ती जाण.

तेल, धूळ आणि ऊन

अशा यंत्राशी ज्यांचा संबंध येतो, आणि आज खेड्यात तो घरोघरी येऊ लागला आहे, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

वॉल्व्हच्या आतल्या दट्ट्याला हलायला काही थोड्या मायक्रॉनची जागा असते. आपल्या डोक्याचा केस सत्तर मायक्रॉनच्या घरात असतो, त्यावरून कल्पना करावी. कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ उडणाऱ्या आपल्या भागात तेलाच्या टाकीचे झाकण उघडे टाकणे म्हणजे दुधात खडे टाकणे. हायड्रोलिक यंत्रे झिजण्यापेक्षा घाणीने अधिक मरतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की तेल पातळ होते, म्हणून थंड मुलखातले पातळ तेल इथे चालत नाही. ४६ ऐवजी ६८ क्रमांकाचे जाड तेल घालावे की काय, हे यंत्राच्या पुस्तकात पाहून ठरवावे.

नळीला बारीक छिद्र पडले तर ते शोधायला बोट फिरवू नये. शंभर बारच्या दाबाने सुटलेली तेलाची बारीक धार कातडीतून थेट आत शिरते. वरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही, आणि माणूस हळद लावून कामाला लागतो. पण आत तेल पसरत असते. उपचाराला उशीर झाला तर बोट, कधी हातही जातो. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधावी, आणि तेल आत शिरल्याचा संशय जरी आला तरी तडक रुग्णालय गाठून ‘दाबाचे तेल शिरले आहे’ असे स्पष्ट शब्दांत डॉक्टरांना सांगावे.

पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत क्रेनचे पाय रुततात आणि ट्रॉली कलंडते. पायांखाली जाड फळ्या घालाव्यात. आणि लठ्ठा उचलण्याआधी वर पाहावे. शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारा क्रेनच्या हाताला सहज लागतात. तिथे कोणताही वॉल्व्ह कामाला येत नाही.

उरलेल्या माणसांचे काय?

इथवर वाचून कुणी म्हणेल, यंत्र सुधारले, गोष्ट संपली. मला तसे वाटत नाही. पूर्वी या ट्रॉलीवर सहा माणसे असत. आता तीन असतात. चालवणारा एक, लठ्ठ्याला पंजा नीट बसला की नाही हे पाहणारा एक, आणि हिशेब व परवाना सांभाळणारा एक. उरलेल्या तिघांपैकी एक जिनिंगमध्ये गेला, दोघे मिळेल ती मजुरी करतात. त्यांच्यातल्या एकाने मला सरळ विचारले, “पाठ वाचली गुरुजी, पन पोट?” या प्रश्नाला फिटरच्या पुस्तकात उत्तर नाही.

पाठ मोडणारे काम टिकावे, असे मी म्हणणार नाही. घोटा गेलेल्या त्या माणसाच्या घरी जो जाऊन आला आहे, तो असे म्हणूच शकणार नाही. कामावर जायबंदी होणाऱ्याला भरपाई मिळावी म्हणून आपल्या देशात १९२३ साली कायदा झाला. हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला आणि तो देशाला वाट दाखवणारा ठरला. पण शेताच्या धुऱ्यावर, दिवसाच्या बोलीवर लठ्ठे चढवणाऱ्या सहा जणांच्या टोळीपर्यंत कायद्याचा हात सहसा पोचत नाही. तिथे यंत्रच पोचते. म्हणून ते यंत्र कुणाच्या मालकीचे आणि त्याचा दांडा कुणाच्या हाती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास जुन्या मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या. ठेकेदाराच्या हातचे काम तोडणाऱ्यांच्या हाती यावे, हा त्यांमागचा विचार. त्यांतल्या काही संस्था चालल्या, काही नावापुरत्या उरल्या. पण विचार जुना झालेला नाही. कोलामांची आणि गोंडांची मुले जंगल ओळखतात. झाड कुठे कलणार, लठ्ठा कुठल्या अंगाने गडगडणार, हे त्यांना न मोजता समजते. ही जाण विकत मिळत नाही. तिला दोन महिन्यांचे शिक्षण, चालकाचा परवाना आणि चार-सहा जणांना मिळून कर्ज अशी जोड दिली, तर क्रेन ठेकेदाराच्या दारात उभी राहण्याऐवजी पोडावर उभी राहील. तालुक्याच्या प्रशिक्षण संस्थेत ट्रॅक्टर मेकॅनिकचा वर्ग असतो. तिथेच भरलेल्या बादलीचा धडा ठेवायला फारसा खर्च येत नाही.

क्रेन चालवणाऱ्या त्या मुलाची मजुरी हमालीच्या मानाने चांगली वाढली आहे. त्याच्या बापाने मात्र एक अट घातली आहे, लठ्ठा हवेत असताना खाली कुणी उभे दिसले तर आधी यंत्र बंद, मग शिट्टी. बाप स्वतः चाळीस वर्षे लठ्ठ्याखाली उभा राहिला. नव्या वॉल्व्हपेक्षा या अटीवर माझा भरवसा अधिक आहे. पुढच्या मोसमात आणखी दोन मुले शिकायला येणार आहेत. त्यांच्यासाठी बादली धुऊन ठेवली आहे.